चार नंबरची जागा

आमच्या गावात चर्च होतं हे मला माहीत नव्हतं.
मला माहीत होता तो हॉल,
हिवाळ्यात बर्फाच्या पेटीसारखा गार,
आणि चेंडू कितीही उडवा, छताला म्हणून लागायचा नाही.
झेफ सर म्हणायचे, असं छत तिरानातही नाही.
कुणी बांधलं ते सांगायचे नाहीत.

माझी जागा चार नंबर, नेटजवळ, डावा कोपरा.
समोरची भिंत चुन्याने पांढरी.
एकदा माझा स्मॅश बाहेर गेला, भिंतीवर आदळला,
बशीएवढा पोपडा पडला
आणि आतून एक डोळा
माझ्याकडे बघू लागला.

तपकिरी. पापणीपाशी किंचित सोनेरी.
रागावलेला नव्हता.
जागा होता, एवढंच.

सरांनी मॅच थांबवली नाही.
दुसऱ्या दिवशी स्वतः चुना कालवला.
पण दर वर्षी पानगळीत ओल यायची
आणि पोपडा त्याच जागी.
आम्ही तिकडे पाहायचो नाही.
पाहायचं नाही हे ठरवून.

घरी आई वसंतातल्या एका ठरावीक पहाटे
कांद्याच्या सालींत अंडी उकळायची, लालभडक,
आणि टरफलं चुलीत जाळायची, मोजून.
शाळेत विचारतील काल काय खाल्लं,
तर म्हण, मक्याची भाकरी.
मी म्हणायचे, मक्याची भाकरी.
इतक्यांदा म्हटलं की
मला पाठ असलेली प्रार्थना तेवढीच.

करंडक द्यायला कॉम्रेड थानास यायचे.
पहिल्या रांगेत बसायचे.
माणसाने फक्त माणसावर विश्वास ठेवावा, म्हणायचे,
आणि रात्री कुणाच्या खिडकीखाली कुणी उभं राहायचं
ते ठरवायचे.
घंटा त्यांच्याच सहीने वितळली, हे फार नंतर कळलं.
तिचे म्हणे नळ केले.
म्हणजे हॉलमागे ओणवी होऊन
मी पाणी प्यायचे, ते बहुधा तिच्याच तोंडून.

मग त्या नोव्हेंबरात दोम लाझर परत आला.
तांब्याच्या खाणीत बावीस वर्षं,
उजव्या हाताला दोनच बोटं, अंगात दुसऱ्याचा कोट.
दारात थबकून त्याने विचारलं,
"बूट काढू का?"
"रबरी तळाचेच चालतात," सर सवयीने म्हणाले
आणि तोंड झाकून रडायलाच लागले.

वेदी कुठली? गुण लिहायचं टेबल पुढे ओढलं,
वर आमच्या घरची चादर.
माणसं कोर्टात मावेनात.
नुरी न्हावी, त्याची मशीद तर गोदाम झालेली,
वीज जाते म्हणून साठवलेल्या मेणबत्त्या
खोक्यासकट घेऊन आला.
दाराशी पोलीस होते. बंदुका होत्या.
त्यांतल्या एकाने टोपी काढली,
डोकं खाजवायला की आणखी कशाला,
त्याचं त्यालाही कळलं नसावं.

कॉम्रेड थानास त्या दिवशी आले नाहीत.
आले ते मार्चमध्ये, निवडणूक लागल्यावर.
आता कॉम्रेड नव्हे, श्रीयुत.
गळ्यात क्रॉस, साखळी कोरी करकरीत.
पहिलीच रांग. माइक मागून घेतला,
म्हणाले, देव आमच्या बाजूने आहे.
टाळ्या पडल्या.
टाळ्या आम्हाला येतच होत्या,
कुठे थांबवायच्या ते शिकायचं राहिलं होतं.

दोम लाझरने त्यांना अडवलं नाही.
आशीर्वादही दिला नाही.
दोन बोटांत पेला धरून पुढे केला:
"घसा कोरडा पडला असेल."
पाणी मागच्या नळाचं.
ते प्यायले, शेवटच्या थेंबापर्यंत. मी पाहिलं.

गुडघे टेकायचे म्हणजे नेमके कुठे
मला ठाऊक नव्हतं.
जमिनीवर रंगाच्या रेघा तशाच होत्या.
मी माझ्या जागी गेले, चार नंबर, डावा कोपरा.
सगळे काहीबाही पुटपुटत होते.
मी म्हटलं, मक्याची भाकरी.

समोरचा पोपडा त्या वर्षी
कुणी लिंपला नव्हता.